वाटी, पाउंड आणि गॅस मार्क: इंग्लिश घरगुती स्वयंपाक शिकायचा असेल तर

यॉर्कशरमध्ये राहायला आले तेव्हा इंग्लिश जेवण म्हणजे उकडलेले वाटाणे आणि पांचट बटाटा एवढीच माझी समजूत होती, आणि ऑफिसच्या कँटीनने ती आणखी पक्की केली. पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या आजींनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बटर पेपरमध्ये गुंडाळलेला एक काळपट चौकोनी केक आणून दिला. याला पार्किन म्हणतात, असं त्या म्हणाल्या. आणि जाता जाता सांगितलं की आठवडाभर हात लावू नकोस. मी दार लावलं आणि लगेच एक तुकडा तोडला. कोरडा, कडक, नुसता आल्याचा ठसका. बिचाऱ्या आजी, काय बिघडलं असेल यांचं, असं म्हणत डबा फ्रिजवर टाकून दिला आणि दहा दिवसांनी फेकायला म्हणून उघडला तर तोच केक मऊ, चिकट, काळ्या गुळासारखा लागायला लागला होता. एका बैठकीत निम्मा संपला.

त्या डब्यापासून माझं शिकणं सुरू झालं. इथे नवीन आलेले आपले बरेच जण विचारतात की कुठून सुरू करू, म्हणून ज्या क्रमाने मी शिकले (आणि ज्या क्रमाने शिकायला हवं होतं) तसं लिहितेय. एक विनंती आहे, पहिल्यांदा करताना आपला मसाला घालू नका. वेलची, केशर, हिरवी मिरची, सगळं नंतर. आधी मूळ चव कशी असते ते कळू दे.

पहिली पायरी: वजनकाटा घ्या

ओव्हन, मिक्सर, साचे नंतर बघू, आधी डिजिटल वजनकाटा. आपण पोळ्यांची कणीक अंदाजे भिजवतो कारण चुकलं तर पाणी घालता येतं, केकमध्ये ओव्हनचं दार लावल्यावर काहीच करता येत नाही. इथल्या जुन्या रेसिपी पाउंड आणि औंसात असतात: १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, १ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. पाइंट म्हणजे ५६८ मिली, पण नेटवरची रेसिपी अमेरिकन असेल तर त्यांचा पाइंट ४७३ मिलीचा असतो, आणि या एका गोंधळामुळे माझा पहिला कस्टर्ड सूप झाला होता. चहाचा चमचा ५ मिली, टेबलस्पून १५ मिली, आणि सपाट भरायचा, डोंगर करायचा नाही.

गॅस मार्क म्हणजे जुन्या गॅस ओव्हनच्या बटणावरचे आकडे. गॅस मार्क ४ म्हणजे १८० अंश सेल्सिअस एवढं पाठ करा, बाकी प्रत्येक आकड्याला साधारण १४ अंशांचा फरक धरा, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. पंखेवाला ओव्हन असेल तर सगळीकडे २० अंश कमी. घरोघरच्या जुन्या कार्डांवर तर तेही नसतं, नुसतं 'स्लो ओव्हन' किंवा 'मॉडरेट ओव्हन' लिहिलेलं असतं. स्लो म्हणजे १५० च्या आसपास, मॉडरेट १८०, हॉट म्हणजे २२०.

दुसरी पायरी: सामान ओळखा, विशेषतः शाकाहारी असाल तर

मैदा दोन प्रकारचा मिळतो, प्लेन आणि सेल्फ रेझिंग. दुसऱ्यात फुगवणारी पावडर आधीच मिसळलेली असते, ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. पुण्या-मुंबईत बसून करणार असाल तर १५० ग्रॅम मैद्याला २ सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, दोनदा चाळून. साखर कॅस्टर लागते, म्हणजे बारीक दाण्याची. आपली भारतातली साखर जाड असते, ती मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवायची, पीठ करायचं नाही, दाणा राहिला पाहिजे कारण बटर फेटताना तोच दाणा हवा धरतो. बटर अनसॉल्टेड. गोल्डन सिरप आणि ब्लॅक ट्रीकल हे उसाच्या रसाचे दोन पाक, एक मधासारखा आणि दुसरा डांबरासारखा, आणि भारतात ट्रीकल मिळालं नाही तर आपली काकवी वापरा, रंग थोडा फिका येतो पण पार्किनला ती छान चालते, मी कोल्हापूरहून आणलेल्या बाटलीने करून बघितलंय.

आता महत्त्वाचं. स्यूट म्हणजे गायीच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, ड्रिपिंग म्हणजे मांस भाजताना गळलेली चरबी, लार्ड म्हणजे डुकराची. या तिन्ही गोष्टी निष्पाप दिसणाऱ्या गोड पदार्थांत असू शकतात. ख्रिसमसच्या मिन्स पाय मधल्या मिन्समीटमध्ये आता मांस नसतं, सुका मेवा, सफरचंद आणि मसाला असतो, पण स्यूट असू शकतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. व्हेजिटेबल स्यूट दुकानात सहज मिळतं. कोणाच्या घरी जेवायला गेलात तर सरळ विचारा, इथे कोणाला राग येत नाही.

तिसरी पायरी: व्हिक्टोरिया स्पंज

पहिला केक हाच करा, कारण यात पाठ करायला काही नाही. अंडी कवचासकट वजन करायची, जेवढं वजन येईल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच सेल्फ रेझिंग मैदा. मध्यम आकाराची चार अंडी साधारण २२५ ग्रॅम भरतात, म्हणजे जुन्या भाषेत ८ औंस. २० सेंटीमीटरचे दोन गोल टिन, तळाला बटर पेपर.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. बोटाने दाबलं की खड्डा पडला पाहिजे. बटर आणि साखर पांढुरकी होईपर्यंत फेटा, हाताने दहा मिनिटं, आणि हे दहा मिनिटं खरंच दहा मिनिटं, मी चार मिनिटांत थांबायचे आणि मग केक बसला म्हणून पावडरला दोष द्यायचे. अंडी एकेक करून घाला, मिश्रण फाटायला लागलं तर एक चमचा मैदा घाला, सावरतं. बाकीचा मैदा चाळून मोठ्या चमच्याने हलक्या हाताने वरखाली करत मिसळा. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. बोटाने दाबल्यावर परत वर आला की झाला. दोन्ही थर पूर्ण गार झाल्यावर मध्ये रासबेरी जॅम, वरून थोडी कॅस्टर साखर भुरभुरायची, संपलं.

क्रीम? हॉटेलं आणि कॅफे भरभरून घालतात, पण विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत मध्ये फक्त जॅम लागतो. ही संस्था म्हणजे आपल्या महिला मंडळाची इंग्लिश बहीण समजा, ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर निघाली आणि मग गावोगाव पसरली. त्यांच्या परीक्षक बायका इतक्या कडक की केकच्या वरच्या बाजूला गार करायच्या जाळीचे वळ उठले तरी मार्क कापतात. उन्हाळ्यात गावच्या जत्रेत, म्हणजे व्हिलेज शोमध्ये, तंबूत टेबलावर एकसारखे वीस स्पंज मांडलेले असतात आणि लोक गणपतीची आरास बघतात तसे रांगेने बघत फिरतात. जरूर जा. आणि केक स्टॉलवरच्या बाईंना प्रश्न विचारा, पुस्तकात नसलेलं तिथे मिळतं.

चौथी पायरी: यॉर्कशर पुडिंग

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडमध्ये पुडिंग म्हणजे जेवणानंतरचं गोड असतं, पण यॉर्कशर पुडिंग तिखटमिठाच्या जेवणाबरोबरचं, रविवारच्या रोस्टच्या ताटातलं. धिरड्याच्या पिठासारखं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतायचं आणि ते भट्टीत टम्म फुगून वाटीसारखं होतं. हॅना ग्लास या लेखिकेने १७४७ मध्ये हे नाव छापलं, आणि पूर्वी ते मांसाच्या आधी ग्रेव्हीबरोबर वाढायचे, म्हणजे पोट अर्धं भरावं आणि महागडं मांस पुरावं. अस्सल काटकसर.

प्रमाण आकारमानाने: जेवढी अंडी तेवढाच मैदा तेवढंच दूध, तीन सारख्या वाट्या भरायच्या. हो, इथे मात्र वजनकाटा बाजूला. प्लेन मैदा घ्या, सेल्फ रेझिंग नको, हे पुडिंग फक्त वाफेवर फुगतं. मीठ घाला आणि पीठ अर्धा तास तरी झाकून ठेवा. बारा खळग्यांच्या टिनमध्ये प्रत्येकी एक चहाचा चमचा ड्रिपिंग, किंवा शाकाहारी असाल तर सूर्यफूल तेल, ऑलिव्ह नको, ते लवकर धुरावतं. टिन २२० अंशांवर तेलासकट दहा मिनिटं तापवा, पीठ पडल्याबरोबर चर्र आवाज यायला हवा, भजी सोडताना येतो तसा. आवाज नाही आला तर परत तापवा, पुढे जाण्यात अर्थ नाही. २० ते २५ मिनिटं, आणि मध्ये दार उघडलंत तर फुस्स. (माझ्या नवऱ्याने उघडलं होतं. फक्त बघायला.) उरलेली सकाळी लोणी आणि जॅम लावून खातात आमच्याकडे, आजींना हे कळल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी गोल्डन सिरप लावून खायचे.

पाचवी पायरी: बरणीतले पदार्थ

मराठी माणसाला हा भाग सगळ्यात सोपा जातो, कारण मोरांबा आणि लोणच्यावर आपण वाढलो आहोत.

जानेवारीत काही आठवडे दुकानांत स्पेनहून सेव्हिल संत्री येतात, आंबट-कडू, नुसती खाता येत नाहीत, सालीला खडबड. ती दिसली की घ्याच, परत वर्षभर नाहीत. त्यांचं मार्मालेड करतात, म्हणजे सालीसकटचा कडसर मोरांबा. पहिल्यांदा अर्धा किलोचंच करा: ५०० ग्रॅम संत्री, १ लिंबू, १२०० मिली पाणी, १ किलो साखर. रस काढा, साली बारीक चिरा, बिया आणि आतला पांढरा चोथा मलमलच्या फडक्यात बांधा, कारण मार्मालेड घट्ट करणारं पेक्टिन त्यातच असतं. सगळं पाण्यात रात्रभर भिजवा आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर साल बोटांत चिरडेल इतकी मऊ होईपर्यंत शिजवा, दीड-दोन तास लागतात. पुरचुंडी पिळून काढून टाका. साखर त्यानंतर, आधी अजिबात नाही, साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही. मोरांब्याच्या फोडी आधी वाफवून घेतो त्याचं कारण तेच, पण मला ते आईने नाही, सेव्हिल संत्र्याने शिकवलं.

साखर पूर्ण विरघळल्यावरच मोठ्या आचेवर उकळा. पातेलं मोठं घ्या, अर्ध्याच्या वर भरलेलं नको, फेस वर येतो आणि तो भाजला तर फार वाईट भाजतं. थर्मामीटर असेल तर साधारण १०४.५ अंश. नसेल तर फ्रीझरमध्ये बशी ठेवा, एक थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला, वर सुरकुती पडली तर झालं. आपण तार बघतो, हे सुरकुती बघतात. पंधरा मिनिटं थांबून मग भरा, नाहीतर साली सगळ्या वर तरंगतात. बरण्या साबणाने धुऊन १४० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि गरम मार्मालेड गरम बरणीतच. आजी वर्षभर लोकांकडून रिकाम्या बरण्या गोळा करतात आणि भरलेली बरणी देताना रिकामी परत करायची अट असते.

चटणीबद्दल. शब्द आपलाच, इंग्रजांनी भारतातून नेला, पण वस्तू वेगळी झाली. इथली चटणी म्हणजे सफरचंद, कांदा, हिरवे टोमॅटो, बेदाणे, ब्राउन शुगर आणि माल्ट व्हिनेगर तास-दीड तास शिजवलेलं. चमचा फिरवल्यावर तळाला क्षणभर वाट मोकळी राहिली की गॅस बंद. आणि मग दोन-तीन महिने अंधाऱ्या कपाटात, नाहीतर नुसतं व्हिनेगर लागतं. धातूचं उघडं झाकण नको, व्हिनेगरने गंजतं, आतून लेप असलेलं घ्या.

सहावी पायरी: महिन्याप्रमाणे चाला

सुपरमार्केटमध्ये सगळं बारा महिने मिळतं, म्हणून हे विसरायला होतं. फेब्रुवारीत रुबार्ब, म्हणजे गोडात वापरतात ते आंबट गुलाबी दांडे, आणि तो आमच्याकडचाच, वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गावांच्या मधल्या पट्ट्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, उजेड लागला तर गुलाबी कोवळेपणा जातो. पानं विषारी असतात, फक्त दांडे खायचे. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जॅमला लिंबाचा रस हवाच कारण तिच्यात पेक्टिन कमी. सप्टेंबरात कुंपणांवरच्या ब्लॅकबेरी फुकट, डबा घेऊन जा, पण मायकेलमस या शरद ऋतूतल्या ख्रिस्ती सणानंतर तोडू नका म्हणतात, सैतान त्यांच्यावर थुंकतो. त्या ब्लॅकबेरी आणि ब्रॅमली सफरचंद यांचा क्रंबल करा: २०० ग्रॅम मैदा, १०० बटर, १०० साखर बोटांनी चोळून रवाळ करायचं, फळांवर पसरून १८० वर ४० मिनिटं, वर गरम कस्टर्ड. ब्रॅमली हे खास शिजवायचं सफरचंद, नॉटिंगहॅमशरच्या साउथवेलमधलं, शिजलं की कापसासारखं फुलतं, दुसऱ्या कुठल्याने ती मजा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, ॲडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या काही आठवड्यांच्या) आदल्या रविवारी, ख्रिसमस पुडिंग ढवळतात. त्या दिवशीच्या चर्चमधल्या जुन्या प्रार्थनेची सुरुवातच 'ढवळ' अशा अर्थाच्या शब्दांनी होते म्हणून 'स्टर अप संडे'. घरातल्या प्रत्येकाने एकदा चमचा फिरवायचा आणि मनात इच्छा धरायची. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका, तासन्तास वाफवावं लागतं.

त्याऐवजी ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटसाठी पार्किन करा. २२५ ग्रॅम ओटमील (चपटे ओट्स असतील तर मिक्सरमध्ये रव्यासारखे करा), ११० सेल्फ रेझिंग मैदा, ११० ब्राउन शुगर, २ चहाचे चमचे सुंठ. ११० बटर, ११० गोल्डन सिरप आणि ११० ट्रीकल मंद आचेवर वितळवून त्यात ओता, मग एक अंडं, टेबलस्पूनभर दूध. २० सेंटीमीटरचा चौकोनी टिन, १५० अंश, साधारण तासभर. गार झाला की गुंडाळा, डब्यात ठेवा, डबा उंचावर ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात केलात तर बरोबर वेळेत पिकतो.

पुणेकरांसाठी एक जोड: आपण कॅम्पातून किलोकिलोने आणतो ती श्रुसबेरी बिस्किटं ज्या गावाच्या नावाची, ते श्रुजबरी इथे श्रॉपशरमध्ये आहे. मी मुद्दाम गेले होते. तिथलं बिस्किट पातळ, लिंबाच्या सालीचा वास असलेलं. चांगलं आहे, पण मला पुण्याचंच आवडतं, जाड आणि लोण्याने भुसभुशीत.

सातवी पायरी: लिहून ठेवा

इंग्लंडच्या घरगुती पाककृती हरवत चालल्यात ही तक्रार जुनी आहे. फ्लॉरेन्स व्हाइट नावाच्या बाईंनी १९२८ मध्ये लोकपाककृती जपायला एक संस्था काढली आणि लोकांकडून घरचे कागद मागवून १९३२ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही, एका शेजारणीपुरतं पुरे.

आजींकडे पत्र्याच्या पेटीत कार्डं आहेत, त्यांच्या आईच्या अक्षरातली. एकावर लिहिलंय, अंड्याएवढं बटर, एक कप मैदा, होईपर्यंत भाजा. आता हे वाचून काय करणार? (अंड्याएवढं म्हणजे साधारण ६० ग्रॅम, हे वजन करून कळलं.) म्हणून कार्डाचा फोटो काढाच, दोन्ही बाजूंनी, मागे हिशेब आणि दुसऱ्याच रेसिपी असतात, पण तेवढ्यावर थांबू नका, त्यांच्या शेजारी उभं राहून एकदा करून घ्या. पिठाचं भांडं आधी काट्यावर, त्यांनी हाताने काढून घेतल्यावर परत काट्यावर, फरक म्हणजे त्यांची मूठ. कप कुठला ते विचारा आणि त्याच कपात पाणी भरून मोजा. टिन पट्टीने मोजा. ओव्हनचा कुठला खण, दार कितीदा उघडलं, सगळं. त्या बोलत असतील तर फोनवर रेकॉर्ड करा, विचारून. मूळ कार्डावर काहीही दुरुस्त करू नका, आपलं वेगळ्या कागदावर, तारीख आणि कोणाकडून शिकलो ते टाकून. एखाद्या कार्डावर बटरऐवजी मार्गारीन किंवा अंड्याची पावडर दिसली तर ती चूक नाही, तो बहुधा युद्धाच्या आणि रेशनच्या दिवसांचा कागद आहे, इथलं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. तसंच ठेवा.

गेल्या दिवाळीत मी आजींना बेसनाचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी त्या कोरं कार्ड आणि पेन घेऊन दारात. बेसन किती वेळ भाजायचं? मी म्हटलं, खमंग वास येईपर्यंत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. तूप किती? म्हटलं, मावेल तेवढं. मग त्या आत आल्या, माझाच काटा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, चल, करून दाखव. मंद आचेवर छत्तीस मिनिटं लागली. आईच्या लाडवांचं ग्रॅममधलं प्रमाण आता त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि मला हवं असलं की मी भिंतीपलीकडे विचारायला जाते.